उजव्या कुशीवर

इंदिरानगर, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२४

अक्का,

नमस्कार घे, आणि पत्र हातात आलंच आहे तर वाच. न वाचता चुलीत घालायचं असेल तर निदान पाकीट एकदा बघून घाल. ते आमच्या प्रेसमधलं आहे. एकोणतीस वर्षं मी नाशिकरोडला पाकिटं आणि तिकिटं छापणाऱ्यांत आहे, आणि तुला स्वतः लिहिलेलं हे पहिलं पत्र. तू फोन उचलत नाहीस म्हणून ही वेळ आली. दाजींना लावला तर ते म्हणतात, "ती वावरात गेलीय." सकाळी वावरात, दुपारी वावरात, दिवेलागणीलाही वावरातच. एवढा कांदा अख्ख्या देवळा तालुक्यात कुणाकडं नसेल.

भाऊबीज होऊन नऊ दिवस झाले. तुझ्याविना गेलेली ही दुसरी. लतानं विचारलं, देवळ्याला जायचं का? मी म्हटलं, सुट्टी नाही. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि तुझ्या ओवाळणीची साडी परत फडताळात ठेवून दिली.

इकडं सगळं ठीक. फक्त पाठ धरली आहे. कंबरेच्या जरा वर, डाव्या अंगाला. सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते. रोज स्कूटरवरून इंदिरानगरच्या बोगद्यातून नाशिकरोड आणि परत, त्यानं असेल. लतानं लेप लावून बघितला, शेक देऊन बघितला. आता मला तुला एक विचारायचं आहे. पायाळू माणूस लांब असेल आणि रागावलेला असेल, तर उसण भरलेल्यानं काय करावं?

हसलीस का? नसशील.

तुझ्या निकिताच्या हळदीला माझ्या तोंडून जे गेलं ते जायला नको होतं. उन्हाळा होता, पाठ तेव्हाही दुखत होती, माणसं जमली होती. माणूस चिडतो. तू ते इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. दीड वर्ष झालं आता, अक्का. एवढ्यात तर कोर्टातले दावेसुद्धा मिटतात.

दाजींना नमस्कार. धाकट्या वैष्णवीला आशीर्वाद.

तुझा
नवनाथ


१८ डिसेंबर २०२४

अक्का,

उत्तर नाही. मी तरी कुठं धरून बसलो होतो.

परवा दाजी फोनवर एक गोष्ट बोलून गेले. बोलायची नव्हती बहुतेक, पण गेले. म्हणाले, "तिनं पाय लावनं सोडी दिधं. निकिताना लगीनपासून कोनलेच नही." वाकून आलेल्या माणसाला तू दारातूनच सांगतेस म्हणे, दवाखान्यात जा, तिथं डॉक्टर असतात. हे मला माहीत नव्हतं. 

आई सांगायची, तू पायांकडून आलीस. सुईणीनं आधी तुझे तळवे बघितले आणि तोंड सगळ्यात शेवटी. तू चालायला लागल्यापासून गाव तुझ्या पायाशी. कुणाला उसण भरली, कुणाची कंबर धरली की आपल्या ओसरीवर गोधडी पडायची. माणूस पालथा झोपायचा. तू उजवा पाय धुऊन, पुसून यायचीस आणि तीनदा त्याच्या पाठीला लावायचीस. तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही. पुढं तीन दिवस बरं वाटलं की नाही ते कुणाला सांगायचं नाही. हा नियम तुझा की आईचा, ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र चौथ्या दिवसाची वाट बघायचो, कारण बरं वाटलेला माणूस गुळाचा खडा घेऊन यायचा आणि तू तो मला द्यायचीस.

सात वर्षांची तू, परकर सावरत उभी, आणि समोर सहा फुटी माणूस आडवा. मला हसू फुटायचं आणि तू डोळे वटारायचीस. आभाळ गडगडलं की आई तुला कोठीच्या खोलीत बसवायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. मी हट्टानं तुझ्याजवळ बसायचो. वीज आलीच तर अर्धी मी घेईन, असं म्हणायचो. तू म्हणायचीस, "अर्धी वीज नसते रे येड्या."

आणि मला ताप भरला होता ते आठवतं का? तू नऊ वर्षांची, मी सहा. बाबा बाजाराला गेलेले, आई कुणाच्या तरी बाळंतपणाला. तू मला पाठीवर घेतलंस आणि कळवणच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलीस. मधे दोनदा खाली ठेवलंस, दोन्हीदा मी रडलो, दोन्हीदा परत उचललंस. तुझ्या पाठीचा घामट वास मला अजून आठवतो. त्या वासात मला कधीच भीती वाटली नाही.

त्या पायाला मी काय म्हणालो ते मला पूर्ण आठवतं. पत्रात लिहायची हिंमत नाही.

डॉक्टरांनी पाठीसाठी एक मोठी तपासणी सांगितली आहे. मशीनमध्ये घालतात ती. नुसत्या पाठीसाठी एवढं कशाला, असं तू विचारशील. विचारू नको. रिपोर्टला वेळ लागणार आहे.

नवनाथ


२ जानेवारी २०२५

अक्का,

दोन पत्रं झाली. एक ओळ नाही. नसेल लिहायची तर नको लिहूस. सातवीपर्यंत शिकलेली आहेस, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेव्हा लिहिता येत नाही असंही नाही. मीही माणूस आहे. मलाही पाठ आहे. आता मी लिहिणार नाही.

नवनाथ

(हे पत्र पेटीत टाकून घरी आलो तर लता म्हणाली, "त्यांना काय झालंय ते तुम्ही सांगितलंत का?" मी म्हटलं, कुणाला काय झालंय? ती म्हणाली, "तुम्हाला." खोटं कशाला सांगू, पेटीत टाकलं नव्हतं. खिशातच होतं. म्हणून हे कंसातलं लिहून आज, नऊ दिवसांनी, पुढच्या पत्राबरोबर एकाच पाकिटात टाकतो आहे.)


११ जानेवारी २०२५

अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच. वैष्णवीला वाचायला देऊ नको. वाचून झाल्यावर दाजींना दिलंस तर चालेल.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर परत आलेला नाही. पाठदुखी ही पाठदुखीच आहे.

आता तू म्हणशील, परत म्हणजे काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये माझं झालं ते हर्नियाचं ऑपरेशन नव्हतं. आतड्याच्या अगदी शेवटाला कॅन्सर होता. तो भाग कापून काढला आणि शौचाची वाट पोटावर काढून दिली, बेंबीच्या डावीकडं. आतड्याचं तोंड तिथं बाहेर दिसतं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवलेली असते आणि सगळं तिच्यात येतं. कधी येईल ते आपल्या हातात नसतं. वारा सरला तर आवाज होतो, तोही आपल्या हातात नसतो. आणि हे कायमचं आहे. पहिल्या दिवशी सिस्टरनं आरसा धरून दाखवलं तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. दोन महिने लताच बदलायची. आता मी बदलतो, दहा मिनिटांत होतं.

तू तेव्हा फोनवर म्हणालीस, मी येते, चार दिवस राहते. मी म्हटलं, किरकोळ आहे गं, येऊ नको. का म्हटलं? निकिताची बोलणी चालू होती, तू रडत बसशील, गावभर होईल, अशी कारणं मी स्वतःला देत आलो. खरं कारण लाज. लहानपणी मला धुतलंस, पुसलंस ते तूच, आणि जगात सगळ्यांत जास्त लाज वाटली ती तुझीच. असं का, ते मला सांगता येत नाही.

तुला वाटेल कुणालाच माहीत नव्हतं. तसंही नाही. आमच्या प्रेसच्या गेटवर बाहेर पडताना झडती असते. कागदाचा कपटासुद्धा बाहेर जात नाही. रजा संपवून पहिल्या दिवशी मी शर्ट सैल घालून गेलो. सुटताना जवानानं अंगावरून हात फिरवला आणि पोटाशी थांबला. शर्टाखाली फुगलेलं काहीतरी, हाताखाली प्लास्टिक चुरचुरलेलं. त्याचा चेहरा एकदम बदलला. मला बाजूच्या खोलीत नेलं. मी शर्ट वर केला. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली. म्हणाला, "माफ करना चाचा." तेव्हापासून माझी झडती तो उजव्या बाजूनंच घेतो. कुठल्या मुलखातला कोण माणूस, त्याला माहीत आहे. तुला माहीत नव्हतं.

आता हळदीचा दिवस.

तुझं अंगण, मांडव, नवऱ्याकडची वीसेक माणसं चहा घेत बसलेली. दाजी मोठ्यानं म्हणाले, "उद्या मामा नवरीला उचलून आणणार. मामा, भाकरी खाऊन घ्या चार, पोरगी भरली आहे." सगळे हसले. आपल्या घरात मामा नवरीला दोन हातांवर उचलून बोहल्यावर आणतो. तुझ्या वेळी आपल्या मामानं तुला आणलं होतं, आणि मी दाजींचा कान असा पिळला होता की संध्याकाळपर्यंत लाल होता. मला डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं बजावलं होतं. पोटाचे स्नायू कापलेले, जोर पडला तर आतडं बाहेर येईल. मी म्हटलं, पाठ धरलीय, मला नाही जमणार. पाठ खरंच दुखत होती. तेव्हा वाटलं, बरं कारण सापडलं.

आणि पाठ म्हटल्यावर तू हळदीचे हात पुसत आलीस.

"गोधडी टाका रे," म्हणालीस. टाकली कुणीतरी, मांडवाच्या मधोमध. "आडा पडी जाय भाऊ, मी पाय लावसू. उद्या नाचशील तू." नवऱ्याकडच्या बायका बघायला उठून आल्या. तुझ्या चेहऱ्यावर काय आनंद होता, अक्का. व्याह्यांसमोर तुझ्या भावाची पाठ तू बरी करणार होतीस.

मी पालथा पडू शकत नव्हतो. सकाळची पिशवी भरत आली होती. पालथा पडलो असतो तर दबून सुटली असती, त्या गोधडीवर, त्या बायकांसमोर, निकिताच्या हळदीत. मी म्हटलं नको. तू हात धरलास. मी म्हटलं नको गं. तू हसून ओढलंस. तुझ्या कानात दोन शब्द बोलायचे होते, "आत चल." तेवढं जमलं असतं तर सगळं निभावलं असतं. मी हात झटकला आणि ओरडलो, "हे अडाणी धंदे आता बंद कर. पायानं पाठी बऱ्या होत असत्या तर दवाखाने कशाला काढले असते? चार माणसांत लाज आणतेस."

लिहिलं एकदाचं.

तू फक्त उजवा पाय मागं घेतलास आणि लुगड्याच्या काठाखाली झाकलास. ते मी बघितलं. बघूनही सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून आलो, ऑफिसचं काम आहे म्हणून. निकिताला कुणी उचललं ते मी आजवर विचारलेलं नाही.

लाज तू आणली नव्हतीस. ती मी शर्टाखाली घेऊनच आलो होतो.

वीज आली तर अर्धी मी घेईन म्हणायचो ना. माझ्यावर आली तेव्हा तुला एक चिमूटही दिली नाही. माझं चुकलं, अक्का. पाठ दुखत होती म्हणून नाही, उन्हाळा होता म्हणून नाही. माझं चुकलं.

माझ्यावर राग ठेव. पण लोकांना पाय लावायचा सोडू नको. माझ्या एका पाठीपायी गावच्या पाठी कशाला दुखू देतेस?

नवनाथ


२० फेब्रुवारी २०२५

अक्का,

लताला निकिताच्या स्टेटसवर वैष्णवीच्या साखरपुड्याचे फोटो दिसले. वैष्णवी चांगली दिसते आहे. जावईही बरा वाटतो, कान मात्र लहान आहेत, पिळणाऱ्याला त्रास होईल. तू फोटोत कडेला उभी आहेस आणि किंचित वाकलेली दिसतेस. कांद्याची लागण यंदाही स्वतःच केलीस का? चाळीस वर्षं वाफ्यात वाकून काढलीस. दुनियेच्या पाठीला पाय लावलास, तुझ्या पाठीला कुणी लावायचा, हे कधी कुणाला सुचलं नाही. मलाही आज सुचतं आहे.

मला बोलावशील की नाही, ते मी विचारत नाही. तुझं घर, तुझी लेक. तुझी परवानगी नसेल तर मी येणार नाही. पण तुझ्या दोन लेकींपैकी एकीच्या लग्नात मी नव्हतो, आणि दुसरीच्याही नसेन, या विचारानं कामात लक्ष लागत नाही. गेल्या आठवड्यात सदोष छापलेला एक अख्खा ताव माझ्या नजरेतून निसटला. शेजारच्यानं पकडला म्हणून बरं. असं एकोणतीस वर्षांत झालं नव्हतं.

पाठीचं सांगतो. डॉक्टरांनी मला व्यायाम शिकवणाऱ्या चैताली मॅडमकडं पाठवलं. आपल्या निकिताएवढी असेल. तिनं मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही डावीकडं वाकून, पोटावर हात धरून का चालता?" मी म्हटलं, नाही बुवा. तिनं फोनवर माझंच चालणं काढून दाखवलं. अक्का, मी माझ्या बाबांपेक्षा म्हातारा दिसत होतो. खांदा डावीकडं पडलेला, हात पोटावर, मान खाली. काहीतरी लपवून पळणाऱ्या माणसाची चाल ती.

ती म्हणाली, पोटाचे स्नायू कापल्यावर कंबरेला पुढून आधार राहत नाही, सगळा भार पाठीवर येतो. त्यात माणूस पिशवी झाकायला वाकतो, भीतीनं हलायचं सोडतो. स्टोमा असलेल्या पुष्कळ लोकांची पाठ दुखते, तुमची एकट्याची नाही. "अडीच वर्षं तुम्ही असे चालताय काका, पाठ बोलणारच." मग तिनं मला भिंतीशी उभं केलं. टाचा भिंतीला, पार्श्वभाग भिंतीला, खांदे भिंतीला. पोट उघडं पडल्यासारखं वाटलं, सगळ्या जगाला पिशवी दिसते आहे असं वाटलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. पाच मिनिटं उभा राहिलो आणि घामानं भिजलो. हे रोज तीनदा करायचं आहे. शिवाय उजव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपायचं, आणि रोज चालायचं.

मी ते करत नाही. आठवड्यातून दोनदा होतं कसंबसं. भिंतीला टेकलो की हात आपोआप पोटावर येतो. लता ओरडते.

लतानंच मला पिशवीवाल्यांच्या मंडळात नेलं. महिन्याला एकदा जमतात. तिथं पुंजाकाका म्हणून एक आहेत, कळवणकडचे, सत्तरीचे, आठ वर्षं पिशवी लावून ट्रॅक्टर चालवतात. मला दारातून येताना बघूनच म्हणाले, "येवढा वाकून का येतो रं? पिशवी काय चोरीची हाय? तुझीच हाय ना, मंग?" सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडलो. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

इतकंच. उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होतो. पण बघतो. पोस्टमन आला की खाली जातो.

नवनाथ


९ एप्रिल २०२५

अक्का,

तुझं पाकीट शनिवारी आलं.

वर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच थांबलो. फोडायला घाबरलो, म्हणून लताला दिलं. ती म्हणाली, मी नाही फोडणार. शेवटी मीच फोडलं. आधी पत्रिका निघाली, वैष्णवीची, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. तिच्यात घडी केलेलं वहीचं जोडपान. उलगडलं तर त्यावर पिवळा पाय.

हळदीत बुडवून उमटवलेला तुझा उजवा पाय, पूर्ण, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. अंगठ्याशेजारची फट तशीच आहे, लहानपणी मी तीत काडी अडकवायचो. टाचेवर भेगा आहेत, आधी नव्हत्या. प्रत्येक भेग कागदावर उतरली आहे. मी सवयीनं तो खिडकीशी धरून तपासला. शाई एकसारखी नाही, करंगळी फुटली आहे, कड सुटली आहे. आमच्याकडं हा ताव बाद झाला असता. आयुष्यभर मी इतके कागद बघितले, अक्का, एकही कागद हातातून खाली ठेवणं इतकं जिवावर आलं नव्हतं.

खाली तुझ्या चार ओळी. आता पाठ झाल्या आहेत, तरी परत लिहितो, म्हणजे मला नीट कळल्या की नाही ते तुला बघता येईल.

"पालथा पडू नको. कागद भिंतीला लाव, कंबरेच्या मापानं. तीनदा पाठ टेकव. बोलू नको."

आणि उलट्या बाजूला, बारीक अक्षरात: "येवढं अंगावर काढलं, माले सांगनं नही. मी काय परकी शे का?"

ही शेवटची ओळ लतानं मोठ्यानं वाचली. मग तिनंच कागद हॉलच्या भिंतीला लावला, माझं माप घेऊन, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून. मी शर्ट काढला. अडीच वर्षांत हॉलमध्ये शर्ट काढला नव्हता, लतासमोरसुद्धा नाही. टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, आणि मग कंबर. कागद गार होता. एकदा टेकवली. दोनदा. तिसऱ्यांदा टेकवली आणि तशीच राहू दिली. हात पोटावर आला नाही. तो कुठं आहे हेच मला कळत नव्हतं. हळदीचा वास येत होता आणि मी ओसरीवर होतो, तू परकर सावरत समोर उभी होतीस, आणि या वेळी मला हसू येत नव्हतं.

तीन दिवस कुणाला सांगायचं नसतं, म्हणून शनिवारी पत्र लिहिलं नाही. चैताली मॅडमनं काल विचारलं, पाठ कशी आहे? मी म्हटलं, उद्या सांगतो. ती म्हणाली, उद्या का? मी म्हटलं, नियम आहे आमच्या घरचा. तिनं व्यायामाचं विचारलं तर म्हटलं, रोज तीनदा चालू आहे. ते मात्र खरं आहे. भिंतीवर आता तू आहेस, चुकवायची सोय राहिली नाही.

आज चौथा दिवस. तर सांगतो. दुखतं अजून. सकाळी पलंगाची कड धरावीच लागते. पण जिना मी हात न धरता उतरलो, आणि गेटवरचा जवान म्हणाला, "चाचा, आज लंबे लग रहे हो."

गुळाचा खडा घेऊन ठेवला आहे. समक्ष देईन.

दाजींचा फोन आला होता. म्हणाले, कालपासून ओसरीवर परत गोधडी पडते आहे, दोन माणसं येऊन गेली. मी नाक ओढलं. त्यांनी विचारलं, "भाऊ, तू रडी राहिना का?" मी म्हटलं, तुमच्या फोनमध्येच खरखर आहे.

लग्न चौदा मे. आम्ही तेराला सकाळी येतो, हळदीला. वैष्णवीला मी उचलू शकत नाही, तिला आधीच सांगून ठेव. हात धरून आणीन आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मागं सरळ उभा राहीन. तेवढं मला येतं आता. दाजींना म्हणावं, पाहुण्यांनी विचारलं तर मामाला पिशवी आहे असं सांगा, हर्निया सांगू नका.

आणि अक्का, मांडवाच्या मधोमध गोधडी टाकून ठेव. त्याच जागी. व्याह्यांकडची माणसं चहा घेत असतील तेव्हाच मी पडेन, सगळ्यांसमोर, उजव्या कुशीवर. तू पाय धुऊन ये.

तुझा
नवा